वाचकांचे प्रश्न : ‘परत जा’ म्हणणाऱ्यांना नेमकं काय हवं होतं?

गेल्या अंकात सायमन कमिशनवर (१९१९ च्या कायद्याने हिंदुस्थानात आणलेला कारभार तपासायला ब्रिटिशांनी नेमलेल्या मंडळावर) अर्ध्या पानाचं टिपण लिहिलं आणि त्यावर एवढी पत्रं आली, की हा महिना त्यांनाच द्यायचा असं ठरवून टाकलं. मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. हा धडा दरवर्षी दोन तासांत उरकावा लागायचा आणि दरवर्षी मनाला रुखरुख लागून राहायची. इथे घंटा होत नाही, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. कमिशनमध्ये एकही भारतीय नव्हता म्हणून बहिष्कार टाकला, असं त्याच्या पुस्तकात आहे. तो विचारतो, दोन-तीन भारतीय घेतले असते तर सगळं मिटलं असतं का? मला उत्तर देता आलं नाही. (एक पालक, चिपळूण)

मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. हा प्रश्न मला ३१ वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही.

काही जणांपुरतं मिटलं असतं, हे मान्य करायला हवं. सर तेजबहादूर सप्रू आणि त्यांचे नेमस्त सहकारी हे रस्त्यावर उतरणारे लोक नव्हते. अर्ज, वाटाघाटी, कायद्याचा कीस हीच त्यांची रीत. ८ नोव्हेंबर १९२७ रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी कमिशन जाहीर केलं, तेव्हा सातही सभासद ब्रिटिश पार्लमेंटमधले होते. (त्यांतले एक क्लेमंट ॲटली. हेच १९४५ मध्ये इंग्लंडचे पंतप्रधान झाले.) आपल्याच देशाच्या कारभाराची तपासणी, आणि आपण फक्त साक्षीदार! हा अपमान सप्रूंसारख्यांच्या मनाला फार लागला. सन्मानाने दोन खुर्च्या दिल्या असत्या, तर त्यातले बरेच जण जाऊन बसले असते असं मला वाटतं.

पण बाकीच्यांचं तसं नव्हतं, आणि याची परीक्षा लगेच झालीही. मुंबईत उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी कमिशनचे अध्यक्ष सर जॉन सायमन यांनी प्रस्ताव मांडला : आम्ही सात, आणि कायदेमंडळातून निवडलेले तुमचे सात, अशी एकत्र बैठक घेऊ. तो प्रस्ताव नाकारला गेला. लाला लजपत राय यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कमिशनवर अविश्वासाचा ठराव आणला आणि १८ फेब्रुवारी १९२८ रोजी तो ६८ विरुद्ध ६२ मतांनी मंजूर झाला. त्या सभागृहात सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले सभासद यांचा मोठा गठ्ठा होता. हे लक्षात घेतलं म्हणजे त्या सहा मतांचं मोल कळतं. मोतीलाल नेहरू, मदनमोहन मालवीय आणि जिना हे तिघे त्या दिवशी एका बाजूला होते.

सरकारने मग सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली एक हिंदी (म्हणजे भारतीय सभासदांची) समिती जोडीला दिली. हे नायर १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि जालियनवाला बागेच्या वर्षी त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला होता. एवढा मानाचा माणूस पुढे करूनही बहिष्कार हलला नाही.

का हलला नाही, ते समजायला १९१९ च्या कायद्याची प्रस्तावना वाचावी लागते. तिच्यातल्या एका वाक्याचा आशय असा : पुढच्या प्रत्येक पावलाची वेळ आणि रीत फक्त पार्लमेंटच ठरवू शकतं, कारण हिंदी लोकांच्या कल्याणाची आणि प्रगतीची जबाबदारी पार्लमेंटवर आहे. मी हे वाक्य फळ्यावर लिहायची आणि मुलांना विचारायची, यातला कोणता शब्द खुपतो? कोणी ‘पार्लमेंट’ म्हणायचं, कोणी ‘जबाबदारी’. एका वर्षी मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, फक्त.” मी खडूने त्या शब्दाखाली रेघ मारली आणि त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

सातांत दोन भारतीय मिसळले असते तरी तो ‘फक्त’ जागच्या जागी राहणार होता. चौकशी कोणीही करो, निकाल वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटमध्येच लागणार होता. मुलाला हे सांगा आणि त्यालाही तेच वाक्य लिहून द्या.

प्रश्न : ‘सायमन, परत जा’ ही घोषणा कोणाची? (एक वाचक, डोंबिवली)

युसुफ मेहेरअली यांची. मुंबईचे, तेव्हा २४ वर्षांचे. पुढे १९४२ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी कमिशन मुंबईत उतरलं, त्या दिवशी देशभर हरताळ होता. मद्रासला गोळीबार झाला आणि टी. प्रकाशम छातीवरचा सदरा उघडून पोलिसांपुढे उभे राहिले.

तुम्ही मागितलं नाही, तरी आपल्या भागातली एक गोष्ट सांगते. लोणावळ्याहून पुण्याकडे येताना रेल्वेचा रूळ आणि रस्ता बराच वेळ शेजारी शेजारी चालतात. कमिशनची गाडी निघाली, तशी पुण्याकडची तरुण मुलं एका लॉरीत चढली आणि पुणं येईपर्यंत गाडीच्या बरोबरीने लॉरी हाकत, खिडक्यांसमोर काळे झेंडे हलवत राहिली. लखनौला कैसरबागेत तालुकदारांनी, म्हणजे बड्या जमीनदारांनी, कमिशनला मेजवानी दिली होती. भोवती पोलिसांचं कडं, माणूस आत शिरणं अशक्य. मग ‘सायमन गो बॅक’ लिहिलेले पतंग आणि फुगे वरून बागेत सोडले. पोलीस पतंगांना कसे अडवणार?

याच दिवसांची दुसरी बाजूही विसरू नये. ३० ऑक्टोबरला लाहोरच्या स्टेशनाबाहेर लालाजींवर लाठ्या पडल्या आणि १७ नोव्हेंबरला ते गेले. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. महिन्याभराने, त्याचा सूड म्हणून, लाहोरलाच पोलीस अधिकारी साँडर्सवर गोळ्या झाडणाऱ्यांत आपल्या खेडचे राजगुरू होते.

प्रश्न : ‘उजाडलं, पण सूर्य कुठे आहे?’ असं विचारणाऱ्या टिळकांनीच पुढच्या वर्षी सम्राटाला सहकार्याची तार केली. यात विसंगती नाही का? (बी. ए. चा विद्यार्थी, पुणे)

तारीखवार बघू, म्हणजे गुंता सुटेल.

२० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी जाहीर केलं, की हिंदुस्थानात टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणण्याचं धोरण आहे. लोकांच्या अपेक्षा वाढल्या. जुलै १९१८ मध्ये माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवाल हातात पडला आणि त्यात निघाली द्विदल पद्धती. प्रांताच्या कारभाराचे दोन कप्पे. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती हिंदी मंत्र्यांकडे. पोलीस, जमीनमहसूल, तिजोरी ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या मुठीत. म्हणजे शाळा काढायची जबाबदारी तुमची, पैशाची किल्ली माझ्याकडे. केंद्रात तर जबाबदारी नावालाही नाही. ‘केसरी’तला तो प्रश्न या अहवालाला उद्देशून होता, आणि शब्द नीट वाचा : उजाडलेलं नाही, असं टिळक म्हणत नाहीत. उजाडलं हे ते मान्य करतात. सूर्य मागतात.

त्याच वर्षी मुंबईत हसन इमाम यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं खास अधिवेशन भरलं आणि योजना निराशाजनक व असमाधानकारक ठरवली गेली. नेमस्त मंडळी त्या अधिवेशनापासून दूर राहिली आणि त्यांनी आपली वेगळी परिषद भरवली. काँग्रेस फुटली ती ब्रिटिशांच्या सुधारणांवरून, हे विसरलं जातं.

आता तार. डिसेंबर १९१९ मध्ये कायद्यावर सम्राटाची सही झाली, राजबंद्यांच्या सुटकेची घोषणा झाली, आणि टिळक तेव्हा अमृतसर काँग्रेसला निघाले होते. वाटेतूनच त्यांनी तार केली. तिच्यातला शब्द ‘सहकार्य’ एवढाच नव्हता. तो होता प्रतियोगी सहकारिता. सरकार जेवढं पुढे येईल तेवढे आम्ही येऊ, ते अडवतील तिथे आम्ही अडवू. अमृतसरला चित्तरंजन दास सुधारणा झिडकारा म्हणत होते, गांधीजी माँटेग्यूंचे आभार माना म्हणत होते. शेवटी ठरावात दोन्ही आलं : सुधारणा अपुऱ्या, असमाधानकारक आणि निराशाजनक आहेत, पण शक्य तिथे त्या राबवू. आठच महिन्यांपूर्वी त्याच गावात जालियनवाला घडलं होतं. त्या जमिनीवर उभं राहून इतका तोलून ठराव करणं सोपं नव्हतं.

हातात आलेलं टाकायचं नाही आणि तेवढ्यावर पोट भरलं असं म्हणायचंही नाही, हीच भूमिका १९१८ ची आणि हीच १९१९ ची. मला तरी यात विसंगती दिसत नाही. परीक्षेत मात्र तुमचं मत पुराव्यानिशी लिहा, माझं नको.

प्रश्न : आमचे आजोबा सांगायचे, नागपूरला मंत्र्यांचा पगार दोन रुपये केला होता. दंतकथा आहे का? (एक वाचक, नागपूर)

अगदी खरी गोष्ट आहे, आणि दोन रुपये महिन्याला नव्हेत, वर्षाला!

असहकार ओसरल्यावर चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला. विचार असा, की कौन्सिलांवर बहिष्कार टाकण्यापेक्षा आत शिरून ती चालू द्यायची नाहीत. १९२३ च्या निवडणुकीत मध्य प्रांताच्या कौन्सिलात त्यांना स्पष्ट बहुमत मिळालं. डॉ. मुंजे त्यांचे पुढारी होते. मार्च १९२४ मध्ये अंदाजपत्रकाच्या मागण्या एकामागून एक फेटाळल्या गेल्या. मंत्र्यांच्या पगाराची बाब आली तेव्हा आकडा मांडला गेला, सालीना दोन रुपये. कायद्यात तशी फटही होती. मंत्र्याला कार्यकारी मंडळाच्या सभासदाइतका पगार द्यावा, मात्र कौन्सिलने मतदानाने कमी ठरवला तर तो कमी, असं कलम होतं. किती कमी, याला तळ नव्हता. मंत्री पायउतार झाले आणि गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांना सोपीव खातीही स्वतःकडे घ्यावी लागली. लोकांना अधिकार दिल्याचा जो दावा होता, त्याच्या आत काय आहे ते नागपुरात सगळ्यांना दिसलं.

पण आजोबांनी पुढचं सांगितलं होतं का? वर्ष-दीड वर्षात, ऑक्टोबर १९२५ मध्ये, कौन्सिलचे अध्यक्ष आणि स्वराज्य पक्षाचेच श्री. बा. तांबे यांनी सरकारच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली. पक्षात भडका उडाला. न. चिं. केळकर, बॅ. जयकर, डॉ. मुंजे प्रतियोगी सहकारितेचं नाव घेऊन बाहेर पडले. मोतीलालजी त्यांच्यावर अतिशय कठोर बोलले. अडवणुकीचं राजकारण फार दिवस टिकवणं किती अवघड असतं, ते या दीड वर्षात दिसतं. आत बसलेल्या माणसाला रोज वाटत राहतं, की एखादं काम तरी करून घेऊ. त्या वाटण्याला मी फितुरी म्हणणार नाही. तांब्यांच्या बाबतीत मात्र मोतीलालजींचा राग मला समजतो. ज्या पक्षाच्या मतांवर तुम्ही खुर्चीत बसलात, त्याला न विचारता समोरच्या खुर्चीत जाऊन बसायचं नसतं.

प्रश्न : सगळा देश सायमनवर बहिष्कार टाकत असताना बाबासाहेबांनी साक्ष दिली. शाळेत मला एकाने ‘तुमचे लोक इंग्रजांच्या बाजूचे’ असं ऐकवलं होतं. तेव्हा गप्प बसलो. आता मुलीला काय सांगू? (एक वाचक, महाड)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. असं ऐकवलं जात असताना वर्गात शिक्षक असतील, तर त्यांनी तिथेच थांबवायला हवं होतं.

पहिलं म्हणजे ‘सगळा देश’ हे खरं नाही. मुस्लिम लीगचे दोन तुकडे झाले होते. जिनांचा गट बहिष्कारात होता, शफींचा गट कमिशनला मदत करत होता. मद्रासची ब्राह्मणेतरांची जस्टिस पार्टीही पुढे कमिशनसमोर गेली. एकट्या बाबासाहेबांकडे बोट दाखवणाऱ्याला हे माहीत नसतं किंवा सांगायचं नसतं.

दुसरं, ते तिथे काय बोलले ते वाचा. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा, तुमच्याच गावचा. दीड वर्षाने, २३ ऑक्टोबर १९२८ रोजी, पुण्यात त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे साक्ष दिली. त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. शिकलेला असो नसो, सातबारा असो नसो, प्रत्येक प्रौढ माणसाला मत. प्रौढ मताधिकार देत असाल तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा द्या, देत नसाल तर स्वतंत्र मतदारसंघ (जिथे फक्त अस्पृश्यांनीच मत द्यायचं) द्या, अशी त्यांची मांडणी होती. त्या वेळी अस्पृश्यांच्या बहुतेक संघटना थेट स्वतंत्र मतदारसंघच मागत होत्या. कमिशनबरोबर काम करायला नेमलेल्या मुंबई कौन्सिलच्या समितीत ते सभासद होते. तिथे बाकीच्यांशी पटलं नाही, तर सह्या करून मोकळे झाले नाहीत. मे १९२९ मध्ये आपला स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यात प्रांतांना पूर्ण जबाबदार सरकार मागितलं. इंग्रजांच्या बाजूचा माणूस इंग्रजांची सत्ता कमी करा असं कशाला लिहील?

आणि बहिष्कारवाल्यांकडे त्यांच्यासाठी काय होतं? नेहरू अहवालात (त्याबद्दल पुढच्या उत्तरात) मूलभूत हक्कांच्या यादीत एक कलम आहे, की सार्वजनिक रस्ते आणि विहिरी वापरण्याचा हक्क सर्व नागरिकांना सारखा राहील. कलम चांगलं आहे. पण चवदार तळ्याच्या बाबतीत असाच ठराव महाडच्या नगरपालिकेने आधीच केलेला होता, आणि तरी पाण्याला हात लावल्यावर डोकी फुटली. कागदावरचा हक्क अंमलात आणायला सभागृहात आपली माणसं लागतात, हे बाबासाहेबांना पाण्याच्या काठावर कळलं होतं. नेहरू अहवालाने अस्पृश्यांसाठी एकही जागा राखून ठेवली नाही. ‘बहिष्कृत भारत’मधून त्यांनी त्यावर कडाडून टीका केली, ती या जागी उभं राहून.

नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनला, गोलमेज परिषदेत, त्यांनी ब्रिटिशांना तोंडावर विचारलं : तुम्ही येण्याआधी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, आता येतं का? देवळात जाता येत नव्हतं, आता येतं का? आणि त्याच भाषणात लोकांचं, लोकांसाठी, लोकांनी चालवलेलं सरकार मागितलं. ‘सायमन परत जा’पेक्षा हा विरोध मला कुठेही कमी वाटत नाही.

मुलीला हे सगळं सांगा. ती लहान असेल तर आधी तळ्यावर घेऊन जा, मग सांगा.

प्रश्न : विरोध समजला. पण आपल्या लोकांनी दुसरं काही सुचवलं होतं का? (एक वाचक, कोल्हापूर)

सुचवलं होतं, आणि एकदा नव्हे. १९१६ ला लखनौमध्ये काँग्रेस आणि लीग यांनी मिळून योजना केली. १९२५ मध्ये ॲनी बेझंट यांनी एक विधेयक तयार करून लंडनला नेलं. भारतमंत्री बर्कनहेड मात्र वारंवार ऐकवत राहिले, की तुम्ही लोक सर्वांना मान्य होईल अशी घटना करून दाखवाच. १९ मे १९२८ रोजी मुंबईच्या सर्वपक्षीय परिषदेने हे आव्हान उचललं आणि मोतीलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यात सप्रू, सुभाषबाबू, सर अली इमाम यांच्या जोडीला आपल्याकडचे यवतमाळचे बापूजी अणे, कामगार पुढारी ना. म. जोशी आणि ब्राह्मणेतरांचे जी. आर. प्रधान होते. ऑगस्टमध्ये अहवाल तयार! तीन महिन्यांत संबंध देशाची घटना. प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार, १९ मूलभूत हक्क, भाषावार प्रांत. इंग्लंडमध्ये सर्व प्रौढ स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं तेही याच १९२८ साली, हे लक्षात ठेवा.

पुढचं सांगताना जीव कष्टी होतो. डिसेंबरात कलकत्त्याला जिनांनी काही दुरुस्त्या मागितल्या : केंद्रात मुसलमानांना एक तृतीयांश जागा, आणि कोणाच्याच यादीत न घातलेले उरलेले अधिकार प्रांतांकडे. त्या फेटाळल्या गेल्या. विरोध करणाऱ्यांत आपले जयकर आघाडीवर होते. फेब्रुवारीत कायदेमंडळात खांद्याला खांदा लावून मत देणारे लोक डिसेंबरात एका खोलीत बसून एकमेकांशी जुळवून घेऊ शकले नाहीत. सायमनला नको म्हणायला एकी पुरली. घटना लिहायला लागते ती एकी अजून व्हायची होती.

प्रश्न : फैजपूर काँग्रेसने १९३५ चा कायदा पूर्ण नाकारला आणि दोनच महिन्यांत त्याच कायद्याखाली निवडणूक लढवली. हे कसं? (एक माजी विद्यार्थी, जळगाव)

पत्राखाली तू ‘बाई, ओळखलंत का’ लिहिलं आहेस. ओळखलं. अक्षर अजून तसंच तिरपं आहे.

फैजपूर म्हणजे माझ्या आजीचं माहेर जवळचं. डिसेंबर १९३६. खेडेगावात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. आजी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची. कळण्याच्या भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधून बैलगाडीने गेली, थंडी एवढी की गाडीत कडब्यावर बसून गोधडी अंगाभोवती घेतली होती. शेतात उभारलेलं ते टिळकनगर तिला आयुष्यभर पुरलं. बांबूच्या कमानी नंदलाल बोसांनी उभारल्या होत्या. तिला बोसांचं नाव माहीत नव्हतं, पण “आपल्या टोपल्या-सुपांचाच बांबू, पण राजवाडा केला होता” असं ती म्हणायची. बैल जोडलेल्या रथातून जवाहरलाल आले ते तिने पाहिलं. झेंडा चढवताना वर अडकला आणि एक तरुण त्या उंच खांबावर चढून गेला, तेव्हा खाली सगळ्यांनी श्वास रोखून धरले होते, हे ती दर वेळी हात वर करून दाखवायची.

ठराव काय झाला ते तिला माहीत नव्हतं. मला पुढे कॉलेजात कळलं. १९३५ चा कायदा म्हणजे सायमन कमिशन आणि गोलमेज परिषदांनंतर पार्लमेंटने हिंदुस्थानच्या कारभारासाठी केलेला नवा कायदा. तो संपूर्ण नाकारायचा, आणि प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटना समितीनेच देशाची घटना करायची. मग निवडणूक कशाला? कायद्याला विरोध आहे हे लोकांच्या मतांतूनच दाखवायचं होतं. १ एप्रिल १९३७ रोजी कायद्याचा प्रांतांचा भाग लागू झाला, त्या दिवशी देशभर हरताळ पाळला गेला. मुंबई प्रांतात १७५ पैकी ८६ जागा मिळूनही काँग्रेसने लगेच मंत्रिमंडळ केलं नाही. गव्हर्नर आपले खास अधिकार उठसूट वापरणार नाहीत याची हमी मागितली. मधल्या काळात कूपर यांचं मंत्रिमंडळ चाललं, आणि जुलैत बाळासाहेब खेर आले. सत्ता घेण्यावरून काँग्रेसमध्ये जोरदार भांडण होतं, नेहरू स्वतः विरोधात होते. मला विचारशील तर कायदा नाकारून त्याच्याखाली खुर्ची घेण्यात थोडी ओढाताण होतीच, आणि १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर त्या खुर्च्या सोडल्या तेव्हा ती संपली.

पण मी वर्गात तुम्हाला सांगायचं राहिलेलं एक कलम आता सांगते. १९३५ चा कायदा ३२१ कलमांचा. शेवटच्या कलमाने १९१९ चा कायदा रद्द केला, पण त्याची प्रस्तावना तेवढी शाबूत ठेवली. म्हणजे तो ‘फक्त’ सोळा वर्षांनंतरही जिवंत ठेवला गेला. फैजपूरच्या ठरावात ‘संपूर्ण’ नाकारतो असं का म्हटलं, ते मला हे कलम वाचल्यावर उमगलं.

तू आणखी विचारलं आहेस, की त्या निवडणुकीत आमच्या घरातल्या कोणाला मत होतं का. आजोबांना होतं, शेतसाऱ्याच्या आधारावर. आजीला नव्हतं. त्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या थोड्याच प्रौढांना मत दिलं होतं. सारा, घरभाडं, शिक्षण यांच्या अटी होत्या, बायकांना काही सवलतीही होत्या, पण नवऱ्याच्या साऱ्यावरून बायकोलाही मत मिळावं एवढा आजोबांचा सारा मोठा नव्हता आणि आजीला अक्षरओळख नव्हती. टिळकनगरात प्रौढ मताधिकाराचा ठराव झाला तेव्हा ती मंडपाबाहेर भाकरी सोडून बसली होती. तिने पहिलं मत १९५२ साली दिलं. त्या दिवशी ती सकाळी लवकर उठली, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि आजोबांची वाट न बघता एकटी शाळेकडे निघाली, एवढं माझी आई सांगते.